मारुतीच्या वळणावर

सीमंतिनीला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही. तरी तिने बांधलेल्या रस्त्यावरून आज कुठकुठल्या गावची मुलं गाड्या पळवतात, आणि ही गंमत तिच्या स्वतःच्याही अजून पुरती पचनी पडलेली नाही.

तिचे वडील सूर्याजी ग्वाल्हेरला टेम्पो चालवायचे. महाराज बाडा ते किला गेट, किला गेट ते महाराज बाडा, उभा जन्म त्याच रस्त्यावर गेला. पणजोबा शिंद्यांच्या फौजेत घोडेस्वार होते हे घरात आल्यागेल्याला ऐकवलं जाई. त्यावर सूर्याजी हसून म्हणत, "माझा घोडा डिझेल पितो, एवढाच फरक." शाळा सुटली की सीमंतिनी त्यांच्या शेजारी बसून घरी यायची. वाटेत एका वळणावर शेंदरी मारुती होता. तिथे आलं की सूर्याजींचा हात हँडल सोडायचा, दोन बोटं कपाळाला टेकायची. मागे दाटीवाटीने बसलेली माणसं, समोर गाईगुरं, आणि हे आपले हात सोडून मोकळे! एकदा ती घाबरून म्हणाली, "बाबा, गाडी उलटेल ना!"

"तेवढ्यापुरता तो धरतो," सूर्याजी म्हणाले.

पुढे सूर्याजी गेले, टेम्पो विकला गेला. सीमंतिनी चित्रकला शिकली, मग कॉम्प्युटरवर चित्रं हलवायला शिकली, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी बसून पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम करू लागली. कंपनीने मुलांसाठी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ काढला, 'सब्जी सुसाट'. वांगं, भोपळा, टोमॅटो, अख्खी मंडई इवल्याइवल्या गाड्यांत बसून धावते. त्यातला एक रस्ता हिच्या वाट्याला आला. हिने बाड्यापासून किल्ल्यापर्यंतचाच बांधला. वळणावर मारुती आला, आणि मारुती आला म्हणून आधी वांग्याने, मग बाकीच्या भाज्यांनीही स्टिअरिंगवरचा हात उचलून कपाळाला लावला. वांग्याचं कपाळ नेमकं कुठे असतं, हे ठरवण्यातच तिचा बराच वेळ गेला. तेवढ्या क्षणापुरती गाडी आपली आपण वळायची, खेळणाऱ्याने कितीही बटणं दाबली तरी. यात आपण काही जगावेगळं केलं, असं तिच्या मनातही आलं नाही. गाडी अशीच चालवतात, अशी तिची प्रामाणिक समजूत.

खेळ बाहेर पडला आणि लोकांनी झोडपायला सुरुवात केली. रंग सुंदर, भोपळा तर लाजवाब, पण किल्ल्याच्या वळणावर गाडी ऐकत नाही! त्या वांग्याला झटका येतो का, असंही एकाने विचारलं. कंपनीचा प्रमुख शंतनु तसा भला माणूस. त्याने फोनवर समजुतीने सांगितलं, "शर्यतीत हात सोडायचा म्हणजे काय, सीमंतिनी? सोमवारी नवी आवृत्ती जाते आहे. ते काढून टाक."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला रडू कोसळलं. बाबांचा फोटो भिंतीवर होता, पण फोटो हलत नाही. त्यांचं हलतंबोलतं असं जगात एवढंच उरलं होतं, एका वांग्याचा हात. पण नोकरी ती नोकरी. तिने तो काढला. आता वांगं शहाण्यासारखं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलं, आणि वळणावरही गाडी खेळणाऱ्याच्याच ताब्यात राहिली.

पाठवण्याआधी कुणीतरी खेळून बघायला हवं, म्हणून रविवारी लॅपटॉप घेऊन ती दर्पण कॉलनीत गेली, शाळेतल्या मैत्रिणीकडे, गरिमाकडे. गरिमाची हर्षिता आणि तिच्या मैत्रिणी खेळ निघाल्यापासून त्याच्या मागे वेड्या झाल्या होत्या. त्यांच्यातल्या दोघी खेळायला बसल्या, बाकीच्या त्यांच्या खांद्यांवरून डोकावू लागल्या. आरडाओरडा, ढकलाढकली, आणि वळण आलं. पडद्यावर कुठल्याच भाजीने हात उचलला नाही.

मुलींनी उचलला. खेळणाऱ्यांनी, आणि नुसत्या बघणाऱ्यांनीसुद्धा. नजर पडद्यावर, तोंडाने ओरडणं चालूच, आणि दोन बोटं कपाळाला. दोन्ही गाड्या धाडकन भिंतीवर आदळल्या.

यातल्या एकीनेही सूर्याजींना पाहिलं नव्हतं. पण तीच दोन बोटं, तशीच घाईघाईने टेकलेली.

"अरे यार! मावशी, ये क्या कर दिया?" हर्षिता उखडली. "माझी गाडी ठोकली!"

"मग तू हात का सोडलास?" सीमंतिनीने विचारलं.

एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेने हर्षिताने तिच्याकडे पाहिलं. "मावशी, तिथे गाडी आपण थोडीच चालवतो? तिथे तो पकडून ठेवतो ना. आज त्याने पकडलीच नाही."

हे वाक्य खेळात कुठेही नव्हतं. सीमंतिनीने ते कधी कुणाला सांगितलंही नव्हतं.

तिने तिथूनच शंतनुला फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी तो हात परत घालतेय. लोक ओरडतील तर ओरडू देत."

मग शंतनु म्हणाला, "घाल."

तिने लॅपटॉपवर जुना खेळ लावला. मुली कंट्रोलरवर झडप घालणार, एवढ्यात तिने तो स्वतःच उचलला. सायकल न येणारी ही बाई वांग्याला घेऊन निघाली, बाड्यावर दोनदा धडकली, मुली खिदळल्या. सगळ्या गाड्या केव्हाच पुढे गेल्या होत्या.

मग मारुतीचं वळण आलं, आणि सीमंतिनीने हात सोडला. गाडी अलगद वळली.