शर्तींच्या रकान्यातली रेघ

माझे अब्बा रविवारी सकाळी खांदा कॉलनीतल्या आमच्या घरी आठ-दहा जणांना जमवून घसा कोरडा करायचे. दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराची गोष्ट. नव्या विचारांच्या आलिमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, लेख सायबर कॅफेतून छापून आणायचे आणि मराठीत समजावून सांगायचे: निकाह हा करार आहे, मुलीला त्यात शर्ती घालता येतात, तलाकचा हक्कही स्वतःकडे मागून घेता येतो. एखादा बाप म्हणालाच, "जावई चांगला असला तर कशाला हवं हे?" की अब्बा त्याची अशी खिल्ली उडवायचे की तो पुढच्या रविवारी फिरकायचाच नाही. आम्ही बहिणी चहा देता देता सगळं ऐकायचो. मला तर केवढा अभिमान!

धाकटीने ते मनावर घेतलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने दोन शर्ती लिहून दिल्या: नोकरी सोडणार नाही, आणि त्याने दुसरं लग्न केलं तर तलाकचा हक्क माझा. होणारा नवरा हो म्हणाला. काझीसाहेबही म्हणाले, लिहा.

अडलं आमच्याच घरात. अब्बांचं अक्षर सुरेख, म्हणून जमातीतल्या लग्नांचे निकाहनामे तेच भरायचे, आणि शर्तींच्या रकान्यात दरवेळी आडवी रेघ मारून मोकळे व्हायचे. निकाहच्या दिवशी नवरीचे वकील, म्हणजे तिच्या वतीने बोलणारे, म्हणून दोन साक्षीदार घेऊन, ते तिची मंजुरी घ्यायला खोलीत आले. तिने कागद वाचला. रकान्यात रेघ होती.

"अब्बा, शर्ती?"

"सवयीने मारली गेली, बेटा."

"मग खोडा ना. लिहा."

अब्बांनी साक्षीदारांकडे पाहिलं. त्यातले एक त्यांचे थोरले भाऊ. पेन काही त्यांनी उघडलं नाही. "बाहेर सगळे खोळंबलेत," ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे गं. कशाला गरज पडेल?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "हेच म्हणणाऱ्यांना तुम्ही हसायचात!" मी ओरडले. काकांनी मलाच दटावलं, आवाज बाहेर जातोय म्हणून.

बहीण रडली नाही. "मग मला शिकवलंत कशाला?" एवढंच तिने विचारलं. अब्बांनी पुन्हा थोरल्या भावाकडे पाहिलं. ते पाहून तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.

अब्बांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास."

ती रेघ मी एखादवेळेस माफ केली असती. ते शाबास नाही.