बोरन्हाणाचा काळा हत्ती

ताईच्या मुलाच्या बोरन्हाणासाठी मी काळ्या लोकरीचा स्वेटर विणला, टोपरं विणलं, आणि उरलेल्या लोकरीचा एक हत्ती केला. संक्रांतीच्या दिवसांत लहान बाळाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओततात. एरवी बाळाच्या अंगाला न लावला जाणारा काळा रंग तेवढ्यापुरता चालतो. मग हत्तीलाही चालेल, असं मी धरून चालले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. गंगापूर रोडच्या पुढे आमचा मळा होता, गुलाब आणि थोडी मेथी-कोथिंबीर. सकाळी कॉलेजला जाताना मी वाटेतल्या एका बंगल्यात पूजेची फुलं देत असे. त्या घरातल्या बाईंनी मला विणकाम शिकवलं. त्यांच्याकडे नमुन्यांची इंग्रजी पुस्तकं होती. ती मला नीट कळत नसत आणि तसं सांगायची लाज वाटे, म्हणून मी त्यांच्या हाताकडे बघून शिकले.

ताई सिन्नरला दिलेली. बाळंतपण आमच्याकडे झालं आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ती सासरी गेली. त्यानंतर त्यांनी तिला एकदाही माहेरी पाठवलं नव्हतं, दिवाळीलाही नाही. दिवाळीला मी बाळासाठी पिवळे मोजे पाठवले होते. नंतर कानावर आलं की बाळाचं पोट बिघडलं, ते वाळलं. आई तेव्हापासून रोज कोणत्या ना कोणत्या निमित्ताने सिन्नरचं नाव काढायची. बोरन्हाणाला ती स्वतःच जाणार होती, पण पाय मुरगळला आणि मला एकटीला निघावं लागलं.

"येताना ताईला घेऊन ये," आई म्हणाली. "चारच दिवस म्हणावं. तू शिकलेली आहेस, नीट बोल त्यांच्याशी."

मला नीट बोलता येत नसे, हे आईला माहीत नव्हतं. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर जायचा नाही.

हत्तीचे भाग मी विणले होते, पण शिवला आईनं. मी कापूस भरून बघितला तेव्हा तो पुन्हा पुन्हा सोंडेवर पडत होता. "पडका हत्ती कुणी देतं का लेकराला? राहू दे माझ्याकडं," आई म्हणाली. मी संध्याकाळी परत आले तर हत्ती फळीवर ताठ उभा. हातात घेतला तर चांगला जड लागला. आई इतकी खुशीत होती की मी काही विचारलं नाही.

सिन्नरच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर होती. घाटाच्या अलीकडे मी सहज आत हात घातला तर बोटांना बारीक दाणे लागले. मोहरी. तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून त्याच्या डोक्याखाली मोहरीची उशी होती, ताई सासरी गेली तेव्हा ती आमच्याकडेच राहिली होती. आईनं ती उसवून मोहरी हत्तीच्या पोटात भरली होती. माझे टाके सैल होते. हत्ती दाबला की एखाद-दुसरा दाणा टाक्यांमधून बाहेर येत होता. भरल्या गाडीत बसून तो उसवणं शक्य नव्हतं. मी हत्ती रुमालात गुंडाळला आणि ठरवलं, ताई एकटी भेटली की तिला सांगायचं.

ताई एकटी भेटलीच नाही. मी पोचले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. ताईच्या सासूबाईंना मी मामी म्हणत असे. त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि सगळ्यांसमोर एकेक वस्तू बाहेर काढली. स्वेटर पसंत पडला. मग रुमाल सुटला.

"हे काय गं? हत्ती हाय का रेडकू?" ताईची चुलत सासू म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

"मामी, हत्ती जरा राहू द्या, मला त्याची शिवण—"

"असू दे की. मावशीनं केलाय एवढा."

बाळाला पाटावर बसवलं. मुकुट, हार, बाजूबंद, सगळे दागिने हलव्याचे. बाळ खरंच वाळलं होतं, मानेशी स्वेटर सैल पडत होता. कोणीतरी हत्ती त्याच्या पुढ्यात ठेवला आणि त्यानं तो सोंडेला धरून ओढला. मी ताईकडे बघत होते, पण तिचं लक्ष बाळाकडे होतं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या डोक्यावरून ओतल्या गेल्या आणि पोरं वेचायला तुटून पडली.

शेजारची एक छोटी मुलगी ओंजळ घेऊन तिच्या आईकडे गेली. "आई, चुरमुऱ्यात मोहरी कुणी टाकली?"

सगळ्यांनी खाली बघितलं. पाटाभोवती काळे दाणे पसरले होते. बाळाच्या मुठीतही होते. ताईनं झटकन त्याच्या तोंडात बोट फिरवलं, ओठाला चिकटलेला दाणा काढला आणि त्याला उचलून घेतलं. चुलत सासूनं हत्ती एका पायाला धरून उचलला. त्यातून मोहरीची बारीक धार लागली.

"काळं हाय, आणि पोटात मोहरी," ती हळूच म्हणाली. "दिवाळीला मोजं आलं, तवापासून लेकरू दूध पीत नाय. आता हे आलं. मी काय बोलत नाय बाई. ज्याचं त्यानं समजावं."

दोघी-तिघींनी आपापली मुलं जवळ ओढली. करणी हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण तो तिथं होता.

मामी ताईकडे वळल्या. "आजपासून तिकडचा चिंधीचा तुकडा या घरात यायचा नाय. आणि तू पण तिकडं पाऊल टाकायचं नाय." मग माझ्याकडे बघून, "कालेजात जाते ना तू? सांग मग, काय हे?"

कॉलेजात शिकलेले सगळे शब्द माझ्या तोंडाशी आले. अंधश्रद्धा हा शब्द तर अगदी जिभेवर होता. पण मी संध्याकाळच्या गाडीनं निघून जाणार होते आणि तो शब्द मागे ताईच्या वाट्याला येणार होता. ताई बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी काही बोलू नये, असंच तिला वाटत असावं.

"उसवून दाखवते," मी म्हटलं. आवाज इतका लहान आला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "मामी, परात द्या. तुमच्यासमोर सगळा उसवते. आत काय आहे ते तुम्हीच बघा."

परात आली. शिवणीचा दोरा मी सुरीनं कापला आणि मोहरी ओतली. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज झाला. बायका वाकून बघू लागल्या. त्या केस शोधत होत्या, टाचणी, लिंबाची फोड. मीही शोधत होते, हे आज लिहिताना कळतं.

मग पोटाच्या लोकरीचं टोक काढलं. शेवटचा टाका कुठं बंद केलाय ते मला ठाऊक होतं. विणलेल्याचं एक बरं असतं, योग्य टोक ओढलं की त्यात काही लपून राहत नाही. एकेक ओळ सरसर सुटत गेली. कुरळी झालेली लोकर माझ्या मांडीवर साठली आणि पोट अर्धं संपलं तेव्हा आत टाक्यांत अडकलेली एक पुरचुंडी परातीत पडली.

पांढऱ्या कापडाची, घट्ट गाठ मारलेली.

"बघा!" चुलत सासू मागे सरकली.

या पुरचुंडीचं आईनं काहीच सांगितलं नव्हतं. कापड तिच्या जुन्या लुगड्याचं होतं, एवढं ओळखू आलं.

"सोड ती गाठ," मामी म्हणाल्या. त्यांनी स्वतः हात लावला नाही.

गाठ सुटेना. आईची गाठ कधीच सुटत नसे, फुलांच्या पाट्या ती अशाच बांधायची. शेवटी मी ती दातात धरली.

"अगं बाई, तोंडात घालते!" कोणीतरी म्हणालं.

गाठ सुटली आणि परातीत दोन घुंगरं वाजली. चांदीची, काळी पडलेली, हरभऱ्याएवढी.

मग ताई मामींकडे बघून बोलली, त्या दिवशी पहिल्यांदा. "आत्याबाई, माझ्या लहानपणच्या वाळ्यातली आहेत ती. बाळाला वाजतील म्हणून आईनं घातली असतील."

मामींनी मोहरी चिमटीत घेतली. "आणि ही?"

"त्याच्याच उशीतली आहे," मी म्हटलं. "कापसानं हत्ती उभा राहत नव्हता."

त्यांनी चिमूट नाकाशी नेली. बाळाच्या डोक्याला लावलेलं तेल आणि वेखंड यांचा वास त्या मोहरीला इतक्या महिन्यांनीही होता. गाडीत मलाही तो आला होता. मामींनी पुन्हा वास घेतला. मग चिमूट परातीत टाकून त्या उठल्या. "चला, तिळगूळ घ्या सगळ्यांनी."

चुलत सासू हळदीकुंकू न घेता गेली. बाकीच्या थोड्या वेळानं गेल्या, पण बाहेर ओट्यावर बराच वेळ कुजबुज चालू होती.

मी लोकर गोळा करू लागले. मामी म्हणाल्या, "तशीच नेतेस व्हय? परत कर. इथंच बसून, माझ्यासमोर."

स्वेटरचं काही राहिलं तर असावं म्हणून सुया मी आणल्या होत्या. लोकरीचा गुंता सोडवून गुंडा करायचा होता. त्याला दोन माणसं लागतात, एकानं लड हातांवर धरायची आणि दुसऱ्यानं गुंडाळायची. ताई बाळाला घेऊन आत गेली होती. मी गुंत्याशी झटत होते, तेवढ्यात मामी समोर येऊन बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी त्यांच्या मनगटांवर लोकर चढवली. पोटाचा भाग विणून होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. त्यांचा विश्वास बसला होता की त्या पहारा करत होत्या, ते मला अजून सांगता येत नाही. कापूस त्यांनी त्यांच्याच गादीतला दिला. घुंगरं आत घालू का विचारलं, तर नुसती मान डोलावली. मी ती घातली.

निघताना मी कसंबसं विचारलं, "मामी, ताईला चार दिवस..."

"आज नाय. आज पाठवली तर लोक म्हणतील, खरं होतं म्हणून भिऊन घालवली. फाल्गुन लागू दे. मी स्वतः आणून सोडते." मोहरी त्यांनी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "ही मात्र घेऊन जा."

त्यांनी शब्द पाळला. फाल्गुनात त्या ताईला आणि बाळाला घेऊन आमच्या मळ्यावर आल्या. पण त्या संध्याकाळी मला ते माहीत नव्हतं. मी एकटीच घरी पोचले तेव्हा आई दारात बसली होती. माझ्या मागे कोणी नाही हे तिनं आधी पाहून घेतलं.

"फाल्गुनात येणार आहे," मी म्हटलं. "मामी स्वतः आणणार आहेत."

तिची नजर पिशवीवर गेली. मोहरीचं फडकं पिशवीच्या तळाशी होतं. कापसाचा हत्ती मी निघताना ताईच्या खोलीत पाहिला होता, सोंडेवर पडलेला.

"आणि हत्ती?" आईनं विचारलं. "उभा राहिला का गं?"

"राहिला," मी म्हटलं, आणि पिशवी घेऊन आत गेले.