पाडव्याच्या पॉटलकमधलं महायुद्ध

माझी मुलगी दहावीत होती आणि पहिलं महायुद्ध का पेटलं, हे तिला वर्गापुढे उभं राहून सांगायचं होतं. मागच्या वेळी शिक्षिकेने प्रश्न विचारताच ती गप्प झाली होती. यंदाही तसंच झालं असतं, तर इतिहासाचा वरचा वर्ग हुकला असता.

"बाबा, कोण कुणाच्या साइडला होतं तेच लक्षात राहत नाही यार."

"तू ते युद्ध पाहिलंयस," मी म्हटलं. "पाडव्याच्या पॉटलकला."

इथे परदेशात, वेस्ट विंडसरच्या आमच्या मराठी मंडळात, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या या जेवणाला कोण काय आणणार, याची ऑनलाइन यादी पुण्याच्या एका काकांकडे असते. सम्राटांनीही एवढ्या रुबाबात साम्राज्य राखलं नसेल. नागपूरच्या काकूंनी मुख्य जेवणात कोथिंबिरीची सांबारवडी लिहिली. काकांनी ती 'इतर'मध्ये ढकलली.

"आमच्या विदर्भाला वेगळा रकाना द्या," काकू म्हणाल्या.

"एकाला दिला की उद्या सगळे मागतील," काका म्हणाले.

काकूंनी यादीतून आपलं नाव खोडलं. आता आमच्या लोकांची खोड अशी, की जो तो खासगीत कबूल करून बसलेला असतो: तुम्ही नाही गेलात तर आम्हीही नाही. काकूंसाठी अकोलेकर उठले, काकांसाठी कोथरूडकर, अकोलेकरांसाठी डोंबिवलीकर. माझा चहा निवायच्या आत चारशे माणसांची पंगत उठली आणि यादीत उरलं एकटं माझं ताक. मी दोन्हीकडे शब्द दिला होता.

मुलगी ताठ बसली. "थांब. काका ऑस्ट्रिया, काकू सर्बिया. अकोला रशिया, कोथरूड जर्मनी, डोंबिवली फ्रान्स."

प्रेझेंटेशनला पालकांनाही बोलावलं होतं. तिने फळ्यावर ती यादी काढली आणि एकेक देश खोडत गेली. शेवटी शिक्षिकेने विचारलं, "मग कुणीच कसं थांबलं नाही?"

मागच्या वेळी ती इथेच अडली होती. या वेळी नाही.

"कुणी थांबला असता तर त्याचा मित्र म्हणाला असता, शब्द मोडलास. शिवाय एकाला साम्राज्य टिकवायचं होतं, दुसऱ्याला स्वतःचा रकाना हवा होता. आणि आपण फक्त बचाव करतोय, असंच प्रत्येकाला वाटत होतं."

टाळ्या अशा पडल्या, की पार प्रिन्स्टन जंक्शनच्या फलाटावर लोक गाडी आली समजून उभे राहिले. वरच्या वर्गाच्या फॉर्मवर शिक्षिकेने तिथल्या तिथे सही केली आणि हसत विचारलं, "तुझ्या पॉटलकमध्ये इटली कोण?"

"आधी एकाला प्रॉमिस, मग नुसतं बघत बसला, शेवटी दुसऱ्यांकडे जाऊन जेवला," तिने मागच्या बाकाकडे बोट केलं. "माझे बाबा."

मी उठून वाकून नमस्कार केला. काकूंची सांबारवडी होतीच तशी.