खंडेनवमीची सतार

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आज खंडेनवमीला सतारीच्या तारांखालची शिंगाची घोडी घासताना जळकट वास आला आणि रत्नागिरीच्या घरातली ती खंडेनवमी आठवली.

दादाच्या सतारीचा झंकार माझ्या सतारीला कधीच आला नाही. म्हणून त्या दिवशी तो देवळात गेल्यावर मी द्वेषाने त्याच्या घोडीवर कानस फिरवली. संध्याकाळी त्याची तार पत्र्यासारखी वाजली.

"पूजेचं पाणी सांडलंस घोडीवर, अवदसे!" दादा वहिनीवर ओरडला. "पुन्हा शिवलीस तर हात मोडीन."

"नाही हो, नुसतं फूल वाहिलं."

मला तेव्हा बरंच वाटलं. वहिनीने पुन्हा कधी सतारीला फूल वाहिलं नाही. मी अजून घोड्या घासतो, तो झंकार काही सापडत नाही. वहिनीवरचा आळ दादासमोर उतरवणं माझ्याकडून बाकी आहे.