सिद्धांत त्याचा, अनुभव माझा

"सिद्धांत हा वाचेल. तू कापसाचं सांग."

भर चर्चासत्रात सर असं म्हणाले. माझ्या हातातले कागद काढून त्यांनी माझ्या वर्गातल्या एका वकिलांच्या पोराला दिले. पुण्याहून पाहुणे प्राध्यापक आले होते. त्यांच्यापुढे माझी बोली नको, एवढंच. कागद मी लिहिले होते. एकटीनं.

यवतमाळला राज्यशास्त्रात एम.ए. करत होते. घाटंजीहून एसटीनं जाऊन-येऊन. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची. भाव पडला की आधी तिची मजुरी पडायची. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात वास्तववादी म्हणत, देश ताकदीसाठी भांडतात. उदारमतवादी म्हणत, व्यापारानं सगळ्यांचंच भलं होतं. मार्क्सवादी म्हणत, मोठे देश लहानांना पिळतात. सरांनी विषय वाटले ते आडनावं बघून. मला मार्क्सवाद. "तुमच्याकडे तेच चालतं ना!" मी हट्टानं वास्तववाद मागून घेतला. सर गोड हसले. त्या हसण्यावर माझा तेव्हाही भरवसा नव्हता.

पोरगा वाचू लागला. माझी वाक्यं. पाहुणे मान डोलवत होते. वाचून झाल्यावर सर माझ्याकडे वळले. "हं, आता अनुभव. आईच्या बोटांचं सांग. बोंडाची टोकं रुततात ना?"

सगळे पेनं सरसावून बसले. माझ्या आईची बोटं ह्यांना कशाला हवीत?

"काहून सांगू, सर?" घरची बोली तोंडात आली, मी येऊ दिली. "यानं वाचलं ते मी लिहिलं हाय. प्रश्न मले विचारा."

सर जवळ येऊन पुटपुटले, "अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत."

ठाऊक होतं. गुण गेले तर पीएच.डी.चं दार बंद. तरी मी उठले. पोराच्या हातातून माझे कागद घेतले आणि पाहुण्यांना विचारलं, "मोठ्या देशाचं सरकार तिथल्या कापूसवाल्याले पैसा देते, म्हणून इथं भाव पडते. याले उदारमतवाद काय म्हणते?"

पाहुणे सरांकडे बघू लागले. सरांनी चहा मागवला.

गुण कापले गेले. मी दुसऱ्या विद्यापीठाचं दार ठोठावलं, तिथंही एकानं प्रेमानं सुचवलं, "तुम्ही आत्मकथन का लिहीत नाही?" मी नाही म्हणाले. कुणी एखादा विचार 'तुमचा' म्हणून पुढं केला की मी आधी विचारते, वाटप कुणी केलं? आईचं दुखणं मी कुणाच्या तळटीपेत घालणार नाही. सिद्धांत मी मांडणार. माझ्या नावानं, माझ्या तोंडानं.