झरीचा दगड

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर रोज ज्याच्याबरोबर फेऱ्या मारतो त्या मित्रालाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर अजून धीर होत नाही.

मी मोठ्या माणसांना मराठी शिकवतो. तलासरीत, शनिवार-रविवार. यात नवल काही नाही. आमच्याकडे सीमेवरच्या गावांत कितीतरी जणांची शाळा गुजराती माध्यमातली. बाजारात सगळं निभतं, पण तहसील कार्यालयात अर्ज लिहायचा, कुठे मुलाखत द्यायची म्हटलं की घोडं अडतं. अशांसाठी एका संस्थेने हा वर्ग काढला. वर्षाच्या शेवटी मुंबईची सहल असते, राजधानीचा इतिहास जागेवर जाऊन बघायचा. मग त्यावरच तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक आणि मी, दोघांनी मिळून गुण द्यायचे.

हंसाबेन त्या वर्गात होत्या. झरीच्या, पस्तिशीतल्या. सीमेपलीकडच्या एका कारखान्यात आठ-आठ तास उभ्याने पॅकिंग करायच्या. पाय सुजायचे. तलासरीतल्या एका शाळेच्या ऑफिसात कारकुनाची जागा निघाली होती आणि शाळेने त्यांना शब्द दिला होता — मराठीचं प्रमाणपत्र आणा, जागा तुमची. 'बसून करायचं काम' हे त्या इतक्या हौसेने सांगायच्या की आम्ही चिडवायचो, हंसाबेनना नोकरी नकोच आहे, खुर्ची हवी आहे. त्यासुद्धा हसायच्या. वर्गात माझ्याशी एक शब्द गुजरातीत बोलायच्या नाहीत. अडल्या तर थांबायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या, पण मराठी शब्द शोधून काढायच्या.

आता सहलीचं सांगतो. सांगायलाच हवं — त्याशिवाय पुढचं येणार कसं?

तो दिवस सकाळपासून डोक्याला ताप होता. बस उशिरा निघाली. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून सगळे उतरले, ते तासाभराने परत आले. मग हायवेवर ट्रॅफिक. मुंबईत फोर्टात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी आठवडाभर टिपणं काढली होती. सात बेटं, बंदर, गिरण्या, मुंबई राज्याची राजधानी कशी झाली. आणि ऐकायला कोण होतं? निम्मे सेल्फी काढत होते, निम्मे जेवणाचं विचारत होते. मी एकटाच रस्त्यात उभा राहून घसा फोडत होतो. चीड आली हो. ज्यांच्यासाठी करतो त्यांनाच पडलेली नसेल तर करायचं कशाला?

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "सर, फोर्ट कहे छे, पण किल्लो क्यां छे?"

सगळे हसले. उत्तर अगदी सोपं होतं. कोट केव्हाच पाडला, नाव तेवढं उरलं. मला ते ठाऊक होतं. पण तो हशा मला झोंबला. समोर कुठल्याशा जुन्या इमारतीची काळ्या दगडाची भिंत होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि ठोकून दिलं, ही त्या किल्ल्याची उरलेली भिंत. आणि हा दगड कुठला, माहीत आहे का? तुमच्या झरीचा! तिथल्या खाणीतून काढला, डहाणूच्या खाडीतून गलबतात घालून इथे आणला. तुमच्याच गावच्या माणसांनी घडवला.

दिवसभरात पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते. हंसाबेन पुढे आल्या, त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. "साचे, सर?" 'खरंच का' एवढंच त्यांच्या तोंडून गुजरातीत निघालं. मी मान डोलावली. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

नंतर खरं सांगायला किती वेळ होता! परतीचे पाच तास होते. पुढचे तीन आठवडे होते. वर्गात हंसाबेन परीक्षेच्या भाषणाची तयारी करायच्या आणि त्यात तो दगड असायचा. मी ऐकायचो, उच्चार सुधारायचो. गलबत म्हणा, गल्बत नाही. हे मी केलंय. त्या थापेचे उच्चार मी सुधारलेत.

तोंडी परीक्षेला परीक्षक आले ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक, कडक. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. हंसाबेन इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. छान बोलत होत्या, न अडखळता. मला अभिमान वाटत होता. मग दगड आला.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

हंसाबेननी माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या बघण्यात. सर आहेत, आता सांगतील, एवढंच होतं. मी काय करायला हवं होतं? 'मी सांगितलं, माझी चूक' — चार शब्द. जास्तीत जास्त काय झालं असतं? त्या गृहस्थांनी भुवया उंचावल्या असत्या. संस्थेला कळलं असतं की यांचा मास्तर थापा मारतो. बस, एवढ्याला मी घाबरलो. आणि हसून म्हणालो, "गावाकडे अशा गोष्टी चालतात, साहेब. ऐकीव असतं सगळं."

परीक्षकही हसले. आम्ही दोघे हसलो.

पुढचं वाक्य हंसाबेननी तीनदा सुरू केलं. मग गुजरातीत काहीतरी म्हणाल्या, मग तेही थांबलं. खाली बघत उभ्या राहिल्या. 'सरांनी सांगितलं' असं त्या म्हणू शकल्या असत्या. नाही म्हणाल्या. नापासाच्या शेऱ्याखाली दोन सह्या लागतात, त्यातली एक मी केली. पेन माझंच होतं. पुढच्या परीक्षेच्या आत शाळेने जागा भरून टाकली. हंसाबेन वर्गाला परत आल्या नाहीत.

मी अजून शिकवतो. लोक अजून 'सर' म्हणतात. आणि मी आपला चिडचिड करत फिरतो — बसवर, ट्रॅफिकवर, शिकणाऱ्यांवर. मला नेमकी चीड कोणाची येते ते मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात कासा गावच्या नाक्यावर जीपसाठी उभा होतो, तर समोर हंसाबेन. कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात. त्यांनीच आधी पाहिलं. "केम छो, सर?" मी मराठीत विचारलं, तुम्ही कशा आहात, काम कसं चाललंय. त्यांना सगळं समजलं. उत्तरं सगळी गुजरातीत दिली, हसून, अगदी आदराने. मराठीचा एक शब्द नाही.

मला गुजराती चांगलं येतं. दोष माझा होता, हे मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगू शकलो असतो. जीप यायला दहा मिनिटं होती. मी ऊन फार आहे म्हणालो. मग जीप आली. आत जागा नव्हती, त्या मागे दांड्याला धरून उभ्या राहिल्या.