चाचांचे पन्नास फेटे

"मुंडी सीधी, नज़र सामने." दोन्ही अंगठे गिऱ्हाइकाच्या कपाळावर दाबून चाचा असं म्हणाले, की समोर बँकेचे मॅनेजर असोत की घाईतला नवरदेव, मुकाट ताठ व्हायचे. देवास गेटला बसस्टँडसमोर त्यांचं फेट्यांचं दुकान होतं. त्या काळात उज्जैनला राहिला असाल, तर तुमचंही डोकं त्या हातांखालून गेलं असेल.

आमच्या मराठी फेट्याबाबत ते आमच्याहून कडक. एकदा मी हौसेने म्हटलं, पाठीवरचा शेमला कमरेपर्यंत सोडा.

"भाऊसाब, वो राजपूतों का. मराठों का इत्ता ही. मिलावट मेरे यहाँ नहीं चलेगी."

मी तीन पिढ्यांचा उज्जैनकर मराठी. मुंडी सीधी केली.

गणपती विसर्जनाच्या दिवशी नमाज आटोपून ते फ्रीगंजात यायचे, आमच्या गणेश मंडळाच्या ओट्यावर पन्नास फेटे बांधायचे आणि टाचण्यांची डबी घेऊन मिरवणुकीबरोबर क्षिप्रेपर्यंत चालायचे. "रास्ते में किसी का ढीला हुआ तो?" त्या गर्दीत सगळ्यात खूश तेच असायचे.

मग घरोघरी केबल आली, भिंतींवर घोषणा आल्या, आणि बोलताना माणसं 'आपण' आणि 'ते' म्हणू लागली. खोटं कशाला बोलू, त्या घोषणा ऐकून मलाही स्फुरण चढायचं. बैठकीत नवे अध्यक्ष म्हणाले, "देवाच्या मिरवणुकीत फेटे बांधायला आपला माणूस मिळत नाही का?" मी सेक्रेटरी. इतिवृत्त लिहीत होतो, मान वर केली नाही.

चाचांना सांगायला मलाच पाठवलं. दुकानात पन्नास सुती कापडं कांजी करून, घडी घालून तयार होती.

"इस साल लड़के खुद बाँधेंगे," मी म्हणालो.

"अच्छा है, सीखना चाहिए." त्यांनी चहा मागवला. तो मी प्यायलोही.

अध्यक्षांनी चकचकीत साटीन आणलं होतं. फोटोत झकास दिसलं. पण ढोल सुरू झाले, आम्ही बेभान नाचू लागलो आणि साटीन घसरू लागलं. देवास गेट येईपर्यंत कुणाचा फेटा डोळ्यांवर, कुणाचा गळ्यात, आणि अध्यक्षांचा तर मागचा माणूस तुडवत चालला होता. दुकानांच्या पायऱ्यांवर लोक पोट धरून हसत होते.

चाचा हसले नाहीत. आत गेले आणि सुती कापडांचा गठ्ठा काखेत मारून रस्त्यात उतरले. पहिले अध्यक्षच समोर आले. कपाळावर दोन अंगठे टेकले. "मुंडी सीधी, नज़र सामने." अध्यक्ष ताठ. ढोलवाल्यांनी असा ठेका धरला, काय सांगू, आणि चाचांचे हात त्या ठेक्यावर चालायला लागले. एकामागून एक पन्नास डोकी सजली. माझी छाती फुगली होती. सगळ्या गेटला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बघा, हा आमचा माणूस.

मिरवणूक हलली. चाचा टाचण्यांची डबी हातात धरून पायरीशी थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मी फक्त "चला" म्हणायचं होतं. शेजारी अध्यक्ष उभे होते. मी ढोलांकडे बघितलं.

पुढल्या वर्षी त्या दुकानात एसटीडी बूथ निघाला. चाचा लेकीकडे रतलामला गेले, असं कळलं.

परवा मुलाच्या लग्नात खोक्यातून आलेला तयार फेटा चढवला. आरशासमोर सवयीने दोन अंगठे कपाळाला लावले. मुंडी सीधी झाली. नजर काही सामने होईना.